नेदरलँड्सच्या महिला क्रिकेटपटूची कारकीर्द वाचावी कशी?

स्टेरे कालिस ही नेदरलँड्सच्या महिला क्रिकेट संघाची फलंदाज 30 ऑगस्ट 1999 रोजी डेल्फ्ट या शहरात जन्मली. तिची आंतरराष्ट्रीय आकडेवारी एखाद्या भारतीय वाचकाने पहिल्यांदा पाहिली, तर तो बुचकळ्यात पडेल. टी-20च्या रकान्यात जर्मनीविरुद्ध नाबाद 126 धावांची खेळी दिसते, एकदिवसीय सामन्यांचा रकाना थेट 2022च्या ऑगस्टपासून भरू लागतो आणि कसोटीचा रकाना कोराच राहतो. खेळाडू तीच, संघ तोच आणि बॅटही तीच असताना तिची कारकीर्द कागदावर अशी तुटक का दिसते, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर मैदानात सापडत नाही. ते आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, म्हणजेच आयसीसीच्या नियमांमध्ये आहे. डच महिला क्रिकेटपटूची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर तिने किती धावा केल्या हे पाहण्याआधी त्या धावा कोणत्या दिवशी केल्या आणि त्या दिवशी तिच्या संघाला कोणता दर्जा होता, हे पाहावे लागते.

या ‘दर्जा’ नावाच्या व्यवस्थेपासूनच सुरुवात करू. दोन देशांच्या संघांनी पन्नास षटकांचा सामना खेळला म्हणजे तो आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे नसते. भारत, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांसारखे देश आयसीसीचे पूर्ण सदस्य आहेत, तर नेदरलँड्स, स्कॉटलंड, थायलंड, नेपाळ हे सहयोगी सदस्य आहेत. एप्रिल 2021 मध्ये आयसीसीने सर्व पूर्ण सदस्य देशांच्या महिला संघांना कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांचा दर्जा कायमस्वरूपी बहाल केला. सहयोगी देशांना मात्र एकदिवसीय दर्जा ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि तो टिकवण्यासाठी पात्रता स्पर्धांमध्ये किंवा क्रमवारीत पुरेसे वरचे स्थान मिळवावे लागते. हा दर्जा नसलेल्या संघाचा सामना कितीही चुरशीचा झाला आणि समोर कितीही बलाढ्य प्रतिस्पर्धी असला, तरी तो आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांच्या यादीत जात नाही. फार तर ‘लिस्ट ए’ या खालच्या श्रेणीत त्याची नोंद होते. मुंबईच्या वाचकाला हे चटकन कळेल: कांगा लीगमध्ये भर पावसात, ओल्या खेळपट्टीवर काढलेले शतक जाणकारांच्या कायम लक्षात राहते, पण रणजीच्या खात्यात त्याची एक धावही जमा होत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नेदरलँड्सचे नसून बांगलादेशाचे आहे, आणि नेदरलँड्सही खेळत असलेल्या स्पर्धेतच ते घडले. नोव्हेंबर 2021 मध्ये झिम्बाब्वेतील हरारे येथे महिला विश्वचषकाची पात्रता स्पर्धा झाली. तिथे बांगलादेशाच्या शर्मिन अख्तरने अमेरिकेविरुद्ध नाबाद 130 धावा केल्या. बांगलादेशाच्या महिला संघाकडून एवढी मोठी खेळी तोवर कोणी केली नव्हती. तरीही ते शतक एकदिवसीय शतक म्हणून नोंदले गेले नाही, कारण समोरच्या अमेरिकेच्या संघाला त्या दिवशी एकदिवसीय दर्जा नव्हता. बांगलादेशाच्या महिलांचे पहिले अधिकृत एकदिवसीय शतक म्हणून फर्गाना हक हिने जुलै 2023 मध्ये भारताविरुद्ध केलेल्या 107 धावांची नोंद झाली. म्हणजे एका खेळाडूचा पराक्रम दुसऱ्या संघाच्या कागदपत्रांमुळे यादीबाहेर राहिला. त्याच स्पर्धेत नेदरलँड्सच्या खेळाडू वेस्ट इंडिज, श्रीलंका आणि आयर्लंड यांच्या गटात होत्या. दर्जा त्यांच्याकडेही नव्हता, त्यामुळे त्यांनी केलेली धाव आणि घेतलेला बळी एकदिवसीय रकान्यात गेला नाही. पुढे कोरोनाच्या नव्या प्रकारामुळे ही स्पर्धा 27 नोव्हेंबर रोजी अर्ध्यावरच रद्द करावी लागली.

यावरून कुणाला वाटेल की नेदरलँड्स हा महिला क्रिकेटमधला नवखा देश असावा. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे, आणि म्हणूनच त्यांच्या खेळाडूंच्या कारकिर्दी वाचताना मला अधिक हळहळ वाटते. डच महिलांची क्रिकेट संघटना 1934 साली स्थापन झाली. 1937 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेला ऑस्ट्रेलियाचा महिला संघ अॅमस्टरडॅममध्येही खेळून गेला. 1984 साली हार्लेम येथे न्यूझीलंडविरुद्ध नेदरलँड्सने आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्यानंतर 1988 साली ऑस्ट्रेलियात, 1993 साली इंग्लंडमध्ये, 1997 साली भारतात आणि 2000 साली न्यूझीलंडमध्ये असे सलग चार विश्वचषक हा संघ खेळला. 1988च्या विश्वचषकात पाचच संघ होते आणि त्यांत डच संघाला साखळीतला एकही सामना जिंकता आला नाही. 1997 मध्ये मात्र भारतात त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि लखनौमध्ये ऑस्ट्रेलियाकडून पराभूत होऊन त्या परतल्या. 2000 सालची स्पर्धा पुन्हा विजयाविना गेली आणि त्यानंतर पन्नास षटकांच्या विश्वचषकात हा संघ आजतागायत परतलेला नाही.

त्या काळी युरोपातून केवळ इंग्लंड, आयर्लंड आणि नेदरलँड्सच नव्हे, तर डेन्मार्कही महिलांचे एकदिवसीय सामने खेळत असे, हे आज अनेकांना ठाऊक नसते. बेलिंडा क्लार्कने 16 डिसेंबर 1997 रोजी मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी क्लबच्या मैदानावर नाबाद 229 धावा करून एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक झळकावले, तेव्हा समोर डेन्मार्कचाच संघ होता. डेन्मार्कचे महिला एकदिवसीय क्रिकेट 1999 नंतर थांबले. नेदरलँड्सचे थांबले नाही, पण पुढे त्यात मोठा खंड पडला.

त्या खंडाकडे येण्याआधी कसोटीच्या रकान्याबद्दल सांगायला हवे. नेदरलँड्सच्या महिलांनी आयुष्यात एकच कसोटी सामना खेळला. तो जुलै 2007च्या अखेरीस रॉटरडॅमच्या हाझेलारवेख मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झाला आणि हेल्मिन रॅम्बाल्डोच्या नेतृत्वाखाली खेळलेला डच संघ 159 धावांनी हरला. महिलांची कसोटी खेळलेल्या दहा देशांपैकी आज पूर्ण सदस्य नसलेला नेदरलँड्स हा एकमेव देश आहे. त्या अकरा जणींच्या कसोटी कारकिर्दीचा आरंभ आणि शेवट एकाच सामन्यात झाला. कसोटीतली फलंदाजी ही संयमाची परीक्षा असते असे आपण म्हणतो. पण ती परीक्षा देण्याची सवय लागायला आधी तशा प्रकारचे क्रिकेट उपलब्ध असावे लागते, आणि डच क्लब क्रिकेटमध्ये महिलांना अनेक दिवसांचे सामने मिळत नसत. अशा खेळाडूंची त्या कसोटीतली सरासरी पाहून त्यांच्या गुणवत्तेबद्दल निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे जुलै 2008 मध्ये, वेस्ट इंडिजचा संघ नेदरलँड्समध्ये आला. याच दौऱ्यात डच महिला आपला पहिला आंतरराष्ट्रीय टी-20 सामना खेळल्या आणि याच दौऱ्यात, डेव्हेंटर येथे, त्यांचा डाव अवघ्या 22 धावांत आटोपला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधली ती आजही सर्वांत कमी धावसंख्या आहे. विक्रमांच्या यादीत ‘नेदरलँड्स 22’ अशी ओळ वाचून आपण पुढे जातो, पण त्या ओळीमागे दर्जाच्या व्यवस्थेचीच दुसरी बाजू दडलेली आहे. दर्जा असणे म्हणजे चांगल्या खेळींसोबत वाईट दिवसही कायमचे नोंदले जाणे. 2011 नंतर डच संघाचे असेच काही वाईट दिवस गेले असतील, तर ते कोणत्याही यादीत दिसणार नाहीत, जसे चांगले दिवसही दिसणार नाहीत.

आता तो खंड. नोव्हेंबर 2011 मध्ये बांगलादेशात 2013च्या विश्वचषकाची पात्रता स्पर्धा झाली. त्या वेळी महिलांच्या एकदिवसीय दर्जासाठी जगभरात दहाच जागा होत्या, आणि या स्पर्धेतल्या क्रमांकावरून शेवटच्या जागा कोणाच्या हे ठरणार होते. यजमान बांगलादेशाने वरचे स्थान मिळवून एकदिवसीय दर्जा पहिल्यांदाच कमावला. नेदरलँड्स खाली घसरला आणि त्याने 27 वर्षांपासून सांभाळलेला दर्जा गमावला. सर्वोच्च श्रेणीच्या मैदानावर वर्षानुवर्षे खेळलेला संघ दहा-बारा दिवसांच्या एका स्पर्धेनंतर त्या श्रेणीतून बाहेर गेला. बांगलादेशाच्या बाबतीत ही प्रगतीची पायरी ठरली आणि तिचा मला आनंदच आहे. तरीही दहाच्या जागी बारा संघांना दर्जा दिला असता तर कोणाचे काय बिघडले असते, हा प्रश्न मनात राहतो.

त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षे नेदरलँड्सच्या महिलांनी एकही अधिकृत एकदिवसीय सामना खेळला नाही. एखादी मुलगी 2012 साली अठराव्या वर्षी राष्ट्रीय संघात आली असेल आणि 2021 साली सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाली असेल, तर नऊ वर्षे देशासाठी पन्नास षटकांचे क्रिकेट खेळूनही तिच्या नावावर शून्य एकदिवसीय सामने असतील. टी-20चेही तसेच झाले. 2013 साली आयर्लंडमध्ये आणि 2015 साली थायलंडमध्ये झालेल्या विश्वचषक पात्रता स्पर्धांमध्ये डच संघ होता, पण त्या सामन्यांना त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय टी-20चा दर्जा नव्हता.

टी-20च्या बाबतीत चित्र पालटले ते 1 जुलै 2018 रोजी. आयसीसीने ठरवले की या तारखेपासून कोणत्याही दोन सदस्य देशांच्या महिला संघांमधला टी-20 सामना हा आंतरराष्ट्रीय टी-20 सामनाच मानला जाईल. योगायोग असा की त्यानंतर आठवडा उलटायच्या आतच, 7 जुलैला, महिला टी-20 विश्वचषकाची पात्रता स्पर्धा सुरू झाली आणि तिचे यजमानपद नेदरलँड्सकडेच होते. अॅमस्टेलव्हीन आणि उट्रेख्त येथे सामने झाले. बांगलादेशाने ती स्पर्धा जिंकली. कालिसची आंतरराष्ट्रीय टी-20 कारकीर्द कागदोपत्री याच स्पर्धेपासून सुरू होते. हीच स्पर्धा दोन आठवडे आधी झाली असती, तर तिच्यासह संघातल्या अनेकींच्या नावापुढची पदार्पणाची तारीख वेगळी असती.

पुढच्या वर्षी, जून 2019 मध्ये, स्पेनमधील ला मांगा येथे युरोप गटाची पात्रता स्पर्धा झाली आणि तिथे कालिसने जर्मनीविरुद्ध 76 चेंडूंत नाबाद 126 धावा केल्या. महिलांच्या आंतरराष्ट्रीय टी-20मध्ये तोवरची सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या 126च होती आणि ती ऑस्ट्रेलियाच्या मेग लॅनिंगने 2014च्या टी-20 विश्वचषकात आयर्लंडविरुद्ध 65 चेंडूंत केली होती. म्हणजे डेल्फ्टची एक एकोणीस वर्षांची फलंदाज काही आठवडे तरी लॅनिंगच्या बरोबरीने यादीच्या शिखरावर होती. जुलैच्या अखेरीस लॅनिंगनेच इंग्लंडविरुद्ध नाबाद 133 धावा करून ती जागा परत घेतली आणि ऑक्टोबरमध्ये अॅलिसा हीलीने नाबाद 148 धावा करून तिलाही मागे टाकले.

दोन्ही 126 सारख्याच वजनाच्या आहेत का? नाहीत, आणि कालिसच्या चाहत्यांनीही हे मान्य करायला हरकत नाही. जर्मनीची गोलंदाजी त्या वेळी आयर्लंडच्या गोलंदाजीइतकी अनुभवी नव्हती. परंतु त्यापलीकडे जाऊन दोन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली ही की, दुबळ्या गोलंदाजीसमोरही वीस षटकांच्या डावात 76 चेंडू बाद न होता खेळून काढणे आणि दर चेंडूमागे दीडहून अधिक धावांची गती राखणे यासाठी शारीरिक क्षमता आणि फटक्यांची विविधता लागतेच. दुसरी ही की, समोरचा संघ कोण हे ठरवणे कालिसच्या हातात नव्हते. तिला जे सामने मिळाले, त्यांत तिने धावा केल्या. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमध्ये झालेल्या जागतिक पात्रता स्पर्धेतही, जिथे बांगलादेश, आयर्लंड, थायलंड असे अधिक अनुभवी संघ होते, सर्वाधिक धावा कालिसच्याच नावावर लागल्या. माझ्या दृष्टीने तिची पारख जर्मनीविरुद्धच्या शतकावरून नव्हे, तर या दुसऱ्या स्पर्धेवरून करणे अधिक योग्य ठरेल. 2020च्या अखेरीस आयसीसीने सहयोगी देशांतील दशकातल्या सर्वोत्तम महिला क्रिकेटपटूच्या पुरस्कारासाठी तिचे नामांकन केले; तो पुरस्कार स्कॉटलंडच्या कॅथरिन ब्राइसला मिळाला.

गोलंदाजीत असाच एक दिवस फ्रेडरीक ओव्हरडाइकच्या वाट्याला आला. 26 ऑगस्ट 2021 रोजी, पुन्हा ला मांगा येथेच, फ्रान्सविरुद्ध या मध्यमगती गोलंदाजाने आपल्या चार षटकांत दोन निर्धाव टाकून केवळ 3 धावांत 7 बळी घेतले. फ्रान्सचा डाव 33 धावांत संपला. टी-20मध्ये एका गोलंदाजाला चोवीसच चेंडू मिळतात आणि त्या चोवीस चेंडूंत सात जणींना बाद करणे हे तोवर आंतरराष्ट्रीय टी-20मध्ये, पुरुष आणि महिला दोन्ही धरून, कोणालाही जमले नव्हते. पुरुषांमधली सर्वोत्तम कामगिरी दीपक चहरची होती: 10 नोव्हेंबर 2019 रोजी नागपूरजवळच्या जामठा मैदानावर बांगलादेशाविरुद्ध 7 धावांत 6 बळी. ज्यांनी तो सामना पाहिला असेल, त्यांना चहरची हॅटट्रिक आठवत असेल. महिलांमध्ये नेपाळच्या अंजली चंदने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मालदीवविरुद्ध एकही धाव न देता 6 बळी घेतले होते. सातव्या बळीपर्यंत पोहोचणारी ओव्हरडाइक पहिली ठरली, आणि पहिली असण्याचा मान पुढे कोणी कितीही बळी घेतले तरी तिच्याकडून जाणार नाही. पुढे अर्जेंटिनाच्या अॅलिसन स्टॉक्सने पेरूविरुद्ध नेमके 3 धावांतच 7 बळी घेऊन तिची बरोबरी केली आणि एप्रिल 2024 मध्ये इंडोनेशियाच्या सतरा वर्षांच्या रोहमालियाने मंगोलियाविरुद्ध, पदार्पणातच, एकही धाव न देता 7 बळी घेतले.

ही नावांची साखळी पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. 2018चा नियम नसता, तर यांपैकी चहरची कामगिरी सोडून दुसरी कोणतीही कामगिरी विक्रमांच्या यादीत आली नसती. या नियमावर टीकाही झाली. नवख्या संघांच्या एकतर्फी सामन्यांमुळे विक्रमांचे मोल कमी होते, असे काही जाणकारांचे म्हणणे आहे आणि ते पूर्णपणे निराधार नाही. तरीही मला नियम योग्यच वाटतो. यादीतल्या आकड्याचे मोल प्रतिस्पर्धी पाहून ठरवण्याचे काम वाचक करू शकतो. पण आकडाच यादीत नसेल, तर वाचकाच्या हाती काहीच उरत नाही. आणि मोठी वैयक्तिक कामगिरी झाली म्हणून संघाचे दार आपोआप उघडत नाही, हेही त्याच स्पर्धेने दाखवले. ओव्हरडाइकच्या सात बळींनंतरही युरोप गटात पहिला क्रमांक स्कॉटलंडने मिळवला आणि डच संघाची टी-20 विश्वचषकाची वाट तिथेच बंद झाली.

डच खेळाडूंना सामने मुळातच कमी का मिळतात, याचे कारणही समजून घेतले पाहिजे. पूर्ण सदस्य देशांचे महिला संघ आयसीसीच्या महिला चॅम्पियनशिपमध्ये एकमेकांशी ठरावीक एकदिवसीय मालिका खेळतात. नेदरलँड्स त्या चौकटीबाहेर आहे, त्यामुळे प्रत्येक मालिका दोन क्रिकेट मंडळांनी आपापसांत ठरवून आणि खर्चाची तजवीज करून घ्यावी लागते. देशातला क्रिकेटचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि फुटबॉल व हॉकीच्या तुलनेत या खेळाकडे पैसा फारच थोडा येतो. बहुतेक खेळाडूंना शिक्षण किंवा नोकरी सांभाळूनच खेळावे लागते, आणि परदेश दौऱ्यासाठी रजा मिळवणे हादेखील तयारीचाच भाग असतो.

खेळपट्टीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. नेदरलँड्समधील अनेक क्लब मैदानांवर मातीची नव्हे, तर मॅटिंगची, म्हणजे अंथरलेल्या चटईची, किंवा कृत्रिम पृष्ठभागाची खेळपट्टी असते. आपल्याकडे जिमखान्यांवर मॅटिंग विकेटवर खेळलेल्यांना तिचा स्वभाव माहीत असतो: चेंडू सरळ, सारख्या उंचीने उसळून येतो, त्यामुळे फलंदाज बॅकफूटवर तयार होतो आणि आडव्या बॅटने निर्धास्त फटके मारायला शिकतो. तोच फलंदाज इंग्लंड किंवा बांगलादेशातल्या मातीच्या खेळपट्टीवर गेला की खाली राहणारा, थांबून येणारा किंवा वळणारा चेंडू त्याच्या सवयींना छेद देतो. अॅमस्टेलव्हीन, रॉटरडॅम, उट्रेख्त, डेव्हेंटर अशा मोजक्या ठिकाणी मातीच्या खेळपट्ट्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय सामने तिथेच होतात, पण मुलींचे रोजचे क्लब क्रिकेट तिथे होईलच असे नाही.

म्हणूनच कालिसने इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटची वाट धरली, यात नवल नाही. 2020 साली इंग्लंडने महिलांसाठी आठ प्रादेशिक संघ उभे केले आणि पन्नास षटकांची रेचल हेहो फ्लिंट ट्रॉफी सुरू केली. कालिस नॉर्दर्न डायमंड्स या संघाकडून खेळू लागली; हा संघ 2020 आणि 2021 अशा दोन्ही वर्षी अंतिम फेरीत सदर्न व्हायपर्सकडून हरला आणि 2022 साली त्याच संघाला लॉर्ड्सवर दोन धावांनी हरवून त्याने चषक जिंकला. 2024 पर्यंत चाललेल्या या स्पर्धेत इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातल्या गोलंदाजांना सामोरे जावे लागे, मातीच्या खेळपट्टीवर पूर्ण पन्नास षटकांची फलंदाजी शिकायला मिळे. मात्र हे सर्व सामने ‘लिस्ट ए’मध्ये मोडतात. एखाद्या डच खेळाडूचे सर्वांत दर्जेदार क्रिकेट तिच्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीच्या बाहेरच असू शकते, ही बाब तिच्या नावापुढची सरासरी पाहताना कधीही विसरू नये.

या वाटेला जुना इतिहास आहे. निकोला पेन ही कॅनडातल्या टोरांटोमध्ये जन्मलेली फलंदाज आधी नेदरलँड्सकडून आणि नंतर न्यूझीलंडकडून एकदिवसीय सामने खेळली. दोन देशांच्या टोप्या घातलेली अशी खेळाडू आपल्याला अपवाद वाटेल, पण छोट्या क्रिकेट देशांच्या इतिहासात स्थलांतर, शिक्षण आणि पासपोर्ट यांना फलंदाजीच्या तंत्राइतकेच महत्त्व असते. उलट काही घरांमध्ये क्रिकेट पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले असते. सध्याची कर्णधार आणि यष्टिरक्षक बाबेट डे लीडे ही नेदरलँड्सच्या पुरुष संघाचे माजी अष्टपैलू टिम डे लीडे यांची पुतणी, आणि आजच्या पुरुष संघातला बास डे लीडे तिचा चुलतभाऊ. तिच्याआधीची कर्णधार हेदर सीगर्स आणि तिची बहीण सिल्व्हर, तसेच आयरिस आणि मिकी झ्विलिंग या बहिणी एकाच राष्ट्रीय संघात खेळल्या. जिथे शाळांमधून क्रिकेट खेळले जात नाही, तिथे खेळाडू घडवण्याचे काम अशी घरे आणि त्यांचे क्लब करत आले आहेत.

मे 2022 मध्ये आयसीसीने नेदरलँड्स, स्कॉटलंड, थायलंड, पापुआ न्यू गिनी आणि अमेरिका या पाच महिला संघांना एकदिवसीय दर्जा दिला. ऑगस्टमध्ये आयर्लंडचा संघ अॅमस्टेलव्हीनच्या व्हीआरए मैदानावर आला आणि जवळजवळ अकरा वर्षांनी डच महिलांनी एकदिवसीय सामना खेळला. तिन्ही सामने आयर्लंडने जिंकले. धावफलकावर ही सरळ 0-3 अशी हार दिसते, परंतु डच संघातल्या बहुतेक जणींसाठी तो पन्नास षटकांच्या अधिकृत आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा पहिलाच अनुभव होता. अनेक वर्षे देशाकडून खेळलेल्या मुलींचे ‘एकदिवसीय पदार्पण’ त्या दिवशी झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस थायलंडच्या दौऱ्यावरही संघाला एकदिवसीय मालिका गमवावी लागली. थायलंडच्या खेळाडू वर्षभर एकत्र सराव करतात, तर डच खेळाडू हंगाम संपल्यावर आपापल्या कामाला लागतात. त्या फरकाचा परिणाम सलग सामन्यांच्या मालिकेत जेवढा दिसतो, तेवढा एखाद्या टी-20 सामन्यात दिसत नाही.

टी-20मध्ये याच संघाने बरेच पुढचे पाऊल टाकले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये रॉटरडॅमला झालेल्या युरोप पात्रता स्पर्धेतून आयर्लंड आणि नेदरलँड्स पुढे गेले. 2026च्या सुरुवातीला नेपाळमध्ये दहा संघांची जागतिक पात्रता स्पर्धा झाली आणि बाबेट डे लीडेच्या संघाने महिला टी-20 विश्वचषकात पहिल्यांदाच जागा मिळवली. हा विश्वचषक इंग्लंडचा, म्हणजे कालिसने ज्या खेळपट्ट्यांवर आपले तंत्र घडवले त्या देशातला. 2000 सालानंतर कोणत्याही प्रकारच्या महिला विश्वचषकासाठी पात्र ठरण्याची नेदरलँड्सची ही पहिली वेळ आहे. आजच्या संघातल्या काही खेळाडूंचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

एकदिवसीय दर्जाचा हिशेब मात्र वेगळा चालू आहे. 2025 साली आयसीसीने सहयोगी संघांच्या एकदिवसीय दर्जाची फेरमांडणी केली. अमेरिकेच्या जागी संयुक्त अरब अमिराती आली आणि नेदरलँड्सने, स्कॉटलंड, थायलंड व पापुआ न्यू गिनीसह, आपली जागा राखली. ही मुदत 2029 पर्यंत आहे. तोवर नेदरलँड्स जितके एकदिवसीय सामने मिळवेल आणि खेळेल, तितकेच कालिसच्या त्या रकान्यात भरले जातील. 2029च्या ऑगस्टमध्ये ती तीस वर्षांची होईल, आणि नंतरच्या वर्षांत तिच्या पन्नास षटकांच्या धावा कुठे नोंदल्या जातील हे पुढच्या फेरमांडणीत ठरेल.